चार बोटं

टक— असा आवाज आला बघा, अन् बापाचा लाकडी गज माझ्या मनगटावर बसला. नऊ वर्षांचा असंन मी तवा. आज पासष्टी उलटली, पन तो टक अजून कानात हाय. तुमी माझ्या कात्रीकडं बघून राहिले म्हणून सांगतो— ही मिटत काहून न्हाई, असंच वाटलं ना? बघा. कापत चाललो की पाती पुरती मिटूच द्यायची न्हाईत. टोकाशी जरा उघडी राहिली की पुढं सरकायचं, पुन्हा तसंच. पुरती मिटली की टक वाजती, अन् टक वाजली की तिथं कापडाला दात पडतो. मग तो दात शिवणीत लपवायला एक बोट कापड जास्ती जातं. एका दाताचं एक बोट, आन असे सात-आठ दात पडले की बसा बाही शोधत. बाप म्हणायचा, सटवाजी, कात्री वाजली म्हणजे कापड रडलं. गज मारायचा तो, पन हळू मारायचा. हळू मारलेलंच ध्यानात राहतं.

सरका इकडं, जावईबापू, तिकडं ऊन येतं. पोतं झटकलेलं हाय. पानी घ्या. बैलबाजार बघून आले काय? मला बैलाचं काही कळत न्हाई— शिंप्याला बैलाची पाठ म्हणजे झुलीला किती कापड लागंन, येवढंच दिसतं. न्हाई हसले तरी चालतं. सोळा वर्षं झाली गोजर तुमच्या घरी नांदून राहिली, अन् ह्या दुकानी तुमी आज दुसऱ्यांदा आले. पहिल्यांदा सोयरीक ठरवायला, आईसंगं. मधे माझी रुख्मिणी गेली तवा गोजरला घेऊन आले होते, पन तवा तुमी गाडीतूनच माघारी फिरले. मी ते मनात धरलं न्हाई. गोजर दोन दिवस राहिली. चुलीपुढं बसून राहिली, आलेल्या बायांना पानी दिलं, राख सावडून झाली तशी गेली. माझ्याशी बोलली न्हाई. न्हाई, एकदा बोलली— 'आबा, सरका' म्हणली, मी दारात बसलो होतो म्हणून.

द्या तो खण. हां. हा शालूला, तुमच्या पोरीला व्हय. नात माझी, अन् मी तिला बघितली न्हाई. तुमच्या रिसोडकडं तिघा शिंप्यांनी माघारी दिला म्हणता? म्हणनारच. खणवाले बी ह्या कापडाच्या कंट्रोलच्या, रेशनच्या दिवसांत आखूड काढून राहिले, आन पोरगी तर उंच दिसती— मापावरनं म्हणतो. ही दोरी. ही गाठींची दोरी तुमाला कुणी दिली ते इचारत न्हाई. पहिली गाठ दंडाची, दुसरी छातीची, तिसरी पाठीच्या उंचीची, अन् शेवटाला ही दुहेरी गाठ— म्हणजे अंग वाढतं हाय, दोन बोटं ढिलं ठेव. मला लिहिता येत न्हाई, म्हणून मी अशा दोऱ्या ठेवायचो, एकेका घराची एकेक, ह्या खुंटीला. गोजर त्या वाचायची. रुख्मिणीला सुद्धा कधी जमलं न्हाई ते. दोघांचीच भाषा ही जगात. सोळा वर्षं तिचा निरोप न्हाई, अन् आज ही दोरी. हातात घेऊन जरा बसलो तर राग मानू नका. म्हातारा झालो, बोटं लवकर ऐकत न्हाईत.

तिनंच सांगितलं ना, आबाकडं न्या, आबा बसवील म्हणून? मान हलवली तुमी. मी व्हय धरतो.

नुसतं बेतून द्यायचंय, शिवून न्हाई. कळलं. शिवंन ती घरी. शिवण तिची माझ्याहून बारीक होती, बारा वर्षांची असतानाच. तर आता बघा, हे तिघं तुमचे शिंपी काय करत असतील. पाठ आधी कापत असतील. पाठ मोठी, तिला मधोमध जागा देतात, मानाची जागा, अन् मग बाकीच्यांना काठाकाठानं भीक मागत फिरावं लागतं. उलटं करायचं. आधी बाह्या मांडायच्या. बाही कशी असती— वरती रुंद, खाली निमुळती. दोन्ही बाह्या एका तोंडानं ठेवल्या की मधे पाचर उरती, ती कुणाच्याच कामाची न्हाई. म्हणून एक सुलटी ठेवायची, दुसरी उलटी. हिचं निमुळतं तिच्या रुंदाशेजारी. आता पाचर राहिली का? न्हाई. पन एक ध्यानात ठेवायचं— उलटी चालती, आडवी चालत न्हाई. उभा धागा उभाच राहिला पाहिजे, न्हाईतर चार धुण्यांत बाही तोंड वाकडं करती. आन बुट्टीचं फूल उलटं होतं एका बाहीवर. होऊ द्या. हात खाली सोडल्यावर कोण बघतं फूल कुणीकडं तोंड करून हाय.

मग काखेतला घेर जिथनं कोरून निघतो तिथनंच बगलेची कळी काढायची, हात उचलायला काखेत जोडतात ती. दुसरा शिंपी तो तुकडा झाडून टाकतो अन् कळीसाठी नवं कापड कापतो. मी टाकत न्हाई. पुढचे दोन भाग असे तोंडाला तोंड लावून, अन् पाठ सगळ्यात शेवटी. पाठीला मधे शिवण आली तरी कुणाचं काय जातं? पाठ कुणाला स्वतःची दिसत न्हाई.

साबणाच्या चिपटीनं रेघ मारून घेतो आधी. कापायची घाई करायची न्हाई. निम्मा दिवस मांडण्यात, पाव घटका कापण्यात. बाप तर कापड अंथरून तंबाखू मळत बसायचा, गिऱ्हाईक वैतागायचं. तो म्हणायचा, कापलेलं परत जोडता येत न्हाई, मांडलेलं शंभरदा मोडता येतं.

तो समोर दोरखंड विकतो तो हैदर. माझ्याच वयाचा. तो सगळ्या बाजाराला सांगत फिरतो, सटवाजीच्या दुकानातला उंदीर उपाशी मरून राहिला, घर करायला बिचाऱ्याला एक चिंधी मिळत न्हाई. खरं हाय ते. ही बघा, खालची जमीन बघा. काही हाय? बाजार उठायला आला, सकाळधरनं चार गिऱ्हाइकं झाली, अन् जमिनीवर धाग्याशिवाय काही न्हाई. कतरण मी बांधून देतो, ज्याची त्याला. बोटाएवढी असली तरी. बाया हसतात, म्हणतात, आजोबा, हे काय करू? मी म्हणतो, टाका न्हाईतर देवाच्या वातीला गुंडाळा, पन न्या. माझ्याकडं ठेवू नका.

बापाचा नियम असा होता— ज्या तुकड्यात सुई उभी राहत न्हाई तो झाडणीचा. तळहाताएवढा असंन तो गिऱ्हाईकाचा. आन गिऱ्हाईकानं आपल्या हातानं, समजून-उमजून पाटावर ठेवला तर तो आपला. बास. तीन वाक्यांत सगळा धंदा. मला वाटायचं, ह्यात काय कठीण हाय.

कठीण कुठं झालं, सांगतो. तुमाला म्हणून सांगतो— न्हाई, तुमाला म्हणून न्हाई, बोलायला कुणी नसतं म्हणून. रुख्मिणी होती तवर ती ऐकायची. आता मशिनीशी बोलतो.

बाप गेल्यावर माझा हात त्याच्या बी पुढं गेला. गर्व म्हणा. त्याच्या मांडणीत जे बसायचं ते माझ्या मांडणीत बसून वर उरायचं. प्रत्येक खणामागं चार बोटं. चार बोटं रुंद, वीतभर लांब, सलग तुकडा, काठासगट. आता हा कुणाचा? तुमी सांगा. तीच बाई दुसऱ्याकडं गेली असती तर त्याच कापडाचा भुगा होऊन केरात गेला असता. तिला चोळी पुरती मिळाली, अंगाला बसली, ती खूश. हा तुकडा जगात हाय हेच तिला ठाऊक न्हाई. तो मी निर्माण केला— माझ्या डोक्यानं, माझ्या नजरेनं. मग तो तिचा कसा? असं मी मला सांगितलं. एकदा सांगितलं की पुन्हा पुन्हा सांगावं लागत न्हाई, ते एक बरं असतं. रुख्मिणी म्हणली होती, धनी, आपलं न्हाई ते. मी म्हणलं, तुला कापडातलं काय कळतं. ती गप झाली. तिचं गप होणं मोठं वाईट होतं, पन तवा मला ते मान्य केल्यासारखं वाटलं.

डब्यात ठेवायचो. विकले न्हाईत कधी, शपथ घेतो. नुसते ठेवायचो. कधी काढून बघायचो, पाटावर मांडायचो.

थांबा, ही रेघ जरा वाकडी झाली. पुसतो.

गोजर तेरा वर्षांची झाली त्या सालचं सांगतो. कापसाचा भाव पडला होता, बाया खण घेईनात, शिवायला कुणी येईना. पंचमी आली. नागपंचमीला गावात पोरी नवं लेवून झोक्यावर जातात, तुमच्याकडं बी असंन. माझ्या पोरीला नवं न्हाई. शिंप्याच्या पोरीला. मग मी तो डबा काढला. अकरा तुकडे घेतले, अकरा रंगांचे, अन् अशी चोळी बेतली जावईबापू, की तशी मी पुन्हा बेतली न्हाई. काठाला काठ, रंगाला रंग. एक धागा वाया न्हाई. गोजर ती घालून अंगणात गिरकी घेत होती. म्हणली, आबा, ही कुठनं आणली? मी म्हणलं, आपलीच हाय, आपल्या घरची.

झोका मारुतीच्या पारामागं लिंबाला बांधला होता. मी पाराच्या अलीकडं उभा होतो, पोरगी झोक्यावर कशी दिसती ते बघायला आलो होतो. बायांत नानीबाई होती, पाटलीणबाई. तिची लेक आदल्या सालीच बाळंतपणात गेलेली. त्या लेकीच्या ओटीत घातलेला खण मीच चोळीला बेतला होता, डाळिंबी, पिवळ्या काठाचा. अन् तीच चोळी अंगावर घालून लेकीला नेलं होतं. म्हणजे त्या खणाचा एक धागा सुद्धा मागं न्हाई राहिला, असं त्या माऊलीला वाटत होतं. गोजरचा झोका खाली आला, तशी तिनं पोरीचा खांदा धरला. तिथं तो डाळिंबी तुकडा होता. ओरडली न्हाई ती. हळूच म्हणली, 'पोरी, हा कुठला गं?'

मग सगळ्याच बघायला लागल्या. हा माझा मोरपंखी. ही माझ्या सुनेची चंद्रकळा. अकराच्या अकरा ओळखले. बायांची नजर कापडाला चुकत न्हाई. कुणीतरी म्हणलं, शिंपी लागला का चोरायला. अन् सगळ्या माझ्याकडं वळल्या. गोजर बी वळली. माझ्याकडं बघितलं तिनं. किती वेळ बघितलं असंन— झोका एकदा पुढं जाऊन मागं यावा, येवढाच वेळ. मग ती म्हणली, 'मी उचललं. डब्यातनं मी उचललं. आबाला ठाऊक न्हाई.'

पंचमीला कापायचं न्हाई, चिरायचं न्हाई, हे तुमाला ठाऊकच हाय. म्हणून कात्री कुणी आणली न्हाई. शिवण नखांनी उसवली. तिथंच, झाडाखाली, बायांनी गोल करून. टाके बारीक होते, वेळ लागला. एकेक जण आपला तुकडा घेऊन गेली. रुख्मिणीनं आपल्या लुगड्याचा पदर काढून पोरीला गुंडाळलं अन् घरी आणलं. मी त्यांच्या मागं चालत होतो, बराच मागं.

मी बोललो न्हाई.

म्हणलं, उद्या बोलू. उद्या सकाळी चावडीवर जातो अन् सांगतो. सकाळी एक गिऱ्हाईक आलं, म्हणलं सटवाजी, पोरींच्या जातीचं असंच असतं, तू मनाला लावून घेऊ नको. त्यानं सदऱ्याचं कापड आणलं होतं. मी माप घेतलं. मग परवा बोलू म्हणलं. गोजर दोऱ्याचं नळकांडं भरून देत होती मशिनीवर, मान खाली घालून. तिनं कधी इचारलं न्हाई. तिनं इचारलं असतं तर मी बोललो असतो, असं वाटतं. खरं सांगायचं तर आज वाटतं. तवाचं सांगता येत न्हाई.

त्या दिवसापासनं मी चिंधी ठेवत न्हाई. लोक म्हणाले, बघा, लेकीनं चोरी केली अन् बाप किती सच्चा, बोटभर कतरण सुद्धा परत देतो. नाव झालं माझं. सेनगावपासनं माणसं यायला लागली. लेकीच्या नावावर माझं नाव झालं बघा.

अन् तुमी आले सोयरिकीला. जवळपासचं कुणी येईना, तुमी सरहद्दीचा नाका ओलांडून वऱ्हाडातनं आले. तुमच्या आईनं— ह्याच पोत्यावर बसून— इचारलं, पोरीचा हात चपळ हाय म्हणतात, खरं का? तुमी बाजूलाच होते, तुमाला आठवत असंन. मी काय म्हणलो ते बी आठवत असंन. मी म्हणलो, लेकराचं वय होतं बाई, चुकलं, आता तसं काही न्हाई.

आतल्या खोलीत होती ती. दाराला पडदा होता नुसता.

ऐकतो मी, तुमच्या घरी कोठीची किल्ली अजून आईच्या कंबरेला असती. पाव्हणे आले की पेटीला कुलूप पडतं. शेजारची वाटी हरवली तर आधी गोजरकडं बघतात. रुख्मिणीला तिनं सांगितलं होतं, एकदाच, अन् रुख्मिणीनं मला, मरायच्या आधी. म्हणली, तुमच्या लेकीला तेराव्या वर्षी तोंड होतं, ते तिनं तुमच्यासाठी शिवून टाकलं. रुख्मिणी असं कधी बोलायची न्हाई. शेवटाला बोलली.

तुमी आजवर ऐकलं नव्हतं हे. मला वाटलं... न्हाई, काही वाटलं नव्हतं. मी तर नुसतं मांडणीचं सांगत होतो. बाही उलटी ठेवायची, येवढंच सांगायचं होतं मला. दोरी हातात आली अन् सगळंच उसवत गेलं.

टक.

बघा. वाजली. छप्पन वर्षांत पहिल्यांदा वाजली. काठाला न्हाई लागलं, शिवणीत जाईल. गोजरला दिसंन ते, तिला सांगा आबाचा हात हलला.

झालं. ही पाठ. हे पुढचे दोन. ह्या बाह्या, ही उलट्या फुलाची उजवीकडं लाव म्हणावं. ह्या कळ्या. मोजून घ्या. तिघांनी माघारी दिलेला खण, त्यात सगळं बसलं, दोन बोटं ढिलं ठेवून बसलं. अन् हे बघा. हे उरलं. चार बोटं, वीतभर लांब, काठासगट. मी काढायचं म्हणून काढलं न्हाई, मांडणीत आपोआप उरतं ते. हे तुमचं. हे बी त्यात बांधा. न्हाई, तुमच्या हातानं बांधा, मी हात लावत न्हाई.

मला एकच मागायचं होतं. पंचमीला गोजरला आणा, असं म्हणणार होतो. तुमी दुकानाची पायरी चढले तवापासनं तेच मनात होतं, आधी जरा गोड बोलू, कारागिरी दाखवू, जावई खूश झाला की मागू. आता मागत न्हाई. आता दुसरं मागतो. तिला आणू नका. नुसतं घरी गेल्यावर आईसमोर, तिच्यासमोर, सांगा. चोर कोण होतं ते. माझं नाव घेऊन सांगा, सटवाजी शिंपी, गोरेगावचा. नाक्यावरचा शिपाई असंन त्याला बी सांगितलं तरी हरकत न्हाई. चावडीवर उद्या मी जातो. आता तुमी म्हणाल, इतकी वर्षं उद्याच म्हणून राहिला हा म्हातारा. बराबर हाय. मग आज जातो. हैदरला दुकान बघायला सांगून आत्ताच जातो. तुमी फकस्त—

उठले काय? बसा की. चहा सांगतो. गाडीला अजून उशीर हाय, बैल तर घेतलाच न्हाई तुमी. बरं. बरं, पिशवीत नीट घाला, पाठ मोडू नका, घडी उभ्या धाग्यानं घाला. दोरी? दोरी न्हेता? राहू द्या म्हणलं असतं, पन तिची हाय, न्या. पायरी जपून, मधली हलती.

जावईबापू.

हा तुकडा पाटावरच राहिला. ऐकलं का— हा तुकडा, चार बोटांचा. तुमच्या हाताखालीच होता, दिसला असंन तुमाला. ओ जावईबापू, एवढंच सांगून जा— इसरला, का ठेवला—